डाव्या खांद्यातला कापूस

गोंडपिपरीत गुलाब दुर्गेचं नाव निघालं की लोक त्याच्या फिटिंगची तारीफ करायचे, आणि ती तारीफ काही खोटी नव्हती. एका अंगानं वाकलेल्या म्हाताऱ्या कोतवालाला त्यानं असा कोट शिवून दिला होता की लग्नात व्याह्यांनी त्यालाच नवरदेवाचा बाप समजून हार घातला. पोट सुटलेलं असो की पाठीला पोक आलेला असो, गुलाबच्या मशीनखालून कापड निघालं की माणूस कसा सरळ दिसायचा. "देव असन त त्यानं बिघडवलं, मी सुधरवून देतो," असं तो तोऱ्यात म्हणायचा. हीच घमेंड त्याला नडली, आणि नडली ती पोटच्या पोरीच्या बाबतीत.

विशाखा त्याची एकुलती एक. ती सातवीत गेली त्या जूनमध्ये शाळेच्या ड्रेससाठी त्यानं तिचं माप घेतलं, तर डावा खांदा बोटभर खाली.

"सरळ उभी राय," तो म्हणाला.

"सरळच त हाये, बाबा."

आणि ती खरंच सरळ उभी होती. दप्तराच्या ओझ्यानं होत असेल, असं म्हणून त्यानं डाव्या खांद्यात कापसाची पातळ गादी घालून ड्रेस शिवला. पुढच्या जूनला खांदा दोन बोटं खाली आलेला, आणि पाठीत उजव्या बाजूचं हाड कपड्यातून वर दिसायला लागलेलं. आता दुसऱ्या कोण्या बापानं पोरीला धरून दवाखान्यात नेलं असतं. या शहाण्यानं कापूस वाढवला.

पोरीची जात, उद्या सोयरिकीला लोक येतील, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाशी म्हणाला. पण तेवढंच नव्हतं. तो ड्रेस घालून विशाखा शाळेत निघाली तेव्हा पाठीमागून अगदी ठाकठीक दिसली, आणि गुलाबला आपल्याच हाताचं कौतुक वाटलं. हे पुढे आठवलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याची बायको कांता दिवसभर दुसऱ्याच्या धानात मजुरीला जायची आणि संध्याकाळी त्याच्या कपड्यांची काजं करायची. पोरगी आता मोठी झालेली, न्हाणीचं दार लावून आंघोळ करायची. आईनं पाठ पाहावी कधी?

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आणखी एक वर्ष सरलं. दसऱ्याला विशाखाचा मामा बल्लारशाहहून आला, आणि भाचीसाठी कौतुकानं रेडिमेड मॅक्सी घेऊन आला. विशाखा ती घालून बाहेर आली. गळा एका बाजूला घसरलेला, खालचा घेर एकीकडे वर चढलेला, आणि पाठीवर उजवीकडे कापड ताणलेलं. मामा हसत म्हणाला, "दुकानदारानं वाकडीच शिवली वाटते," आणि ओढून सरळ करायला लागला. मॅक्सी काही सरळ होईना. तेव्हा कांता उठली आणि तिनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा हात मध्येच थांबला. गुलाब तिथंच बसून होता. तोही दचकल्यासारखं करून उठला.

गुलाबची माय गुणाबाई खाटेवरून हे सारं पाहत होती. छप्पन साली चांद्याला तिनं दीक्षा घेतली, घरातले देव पाण्यात सोडले, पण ग्रहण काही सोडलं नव्हतं. ती म्हणाली, "मी तवाच सांगत होती. ही पोट्टी पोटात असताना हिच्या मायनं ग्रहणात सुई धरली. टोचली न आता पोरीच्या पाठीत."

सुई धरली होती ही गोष्ट खरी. लग्नसराईचे कपडे द्यायचे होते आणि गुलाबनंच म्हटलं होतं, "कर न काजं, ग्रहणाले कोण पुसते?" दर जयंतीला विहारापुढं उभा राहून अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारा माणूस तो. आता मायला एका वाक्यात गप्प करता आलं असतं, की बारा वर्षं पोरगी बाणासारखी सरळ होती, मीच मापं घेत होतो. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की वाकडी झाली तेव्हाही तूच माप घेत होता ना? गुलाब गप्प बसला. कांतानं मान खाली घातली.

मामाच्या ओळखीनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विशाखाला कमरेतून पुढं वाकायला लावलं, मणक्यावरून बोट फिरवलं, फोटो काढला. फोटोत पोरीचा कणा नदीच्या वळणासारखा दिसत होता. "याला स्कोलिओसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "वाढत्या वयात होतं, मुलींना जास्त. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. तुमचा कोणाचा दोष नाही."

कांतानं पदर तोंडाशी धरून विचारलं, "ग्रहणात सुई धरली त होते का जी?"

"नाही हो बाई. अजिबात नाही." मग त्यांनी गुलाबकडे पाहिलं. "तुमच्या लक्षात कधी आलं?"

"आत्ता. दसऱ्याले," गुलाब म्हणाला.

विशाखा शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं बापाकडे एकदा पाहिलं आणि मग भिंतीवरचा तक्ता वाचायला लागली.

"दोन वर्षं आधी आला असता तर पट्ट्यानं बरंच काम झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता आहे तिथं थांबवू. हाडं वाढायची थांबेपर्यंत पट्टा रात्रंदिवस घालावा लागेल, आंघोळीपुरता काढायचा."

पट्टा म्हणजे कातडं आणि लोखंडी पट्ट्या, कमरेपासून हनुवटीपर्यंत. मान खाली घालून पोरीला ताटातला भात दिसेना. शाळेत पोट्टे तिला बैलाचं जू म्हणायला लागले. रात्री कातडं घासून कमरेला सालटी निघायची.

गुलाबनं मग स्वतःला मशीनला जुंपून घेतलं. पट्ट्याखाली घालायला मऊ मलमलची बंडी शिवली, शिलाई बाहेरच्या अंगानं, म्हणजे आतून पोरीला दोरासुद्धा टोचू नये. वरून घालायला सैल कुडते शिवले. नागपूरच्या फेऱ्या एकही चुकवल्या नाहीत, एसटीत तिला टेकायला उशी घेऊन जायचा. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. ते ऐकून त्याला जमीन दुभंगावी असं वाटायचं.

कारण घरात कांता वाळत चालली होती. डॉक्टरांचं बोलणं तिच्या मनात उतरलंच नाही. "डॉक्टर लोक आईले दुखू नये म्हणून तसंच सांगतेत," असं ती म्हणायची. तिनं सुईला हात लावणं सोडलं. एक वेळचं जेवण सोडलं. रोज संध्याकाळी पट्टा काढून पोरीच्या पाठीला कोमट तेल लावायची, आणि एकदा गुलाबनं दाराआडून ऐकलं, ती म्हणत होती, "माफ कर माय मले. माह्याच हातानं झालं."

तो आल्या पावली परत फिरला. आज सांगू, उद्या सांगू. त्या वर्षी जयंतीला भाषणाला बोलावलं, तर घसा बसला म्हणून तो घरीच राहिला.

शेवटी विशाखानंच त्याला धरलं. नवी बंडी घालून पाहत होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"बाबा, तुमी माह्या डाव्या खांद्यात कापूस घालत होते न?"

गुलाबनं कातर खाली ठेवली.

"अंगात मीच घालत होती. मले कळत नसन का? तुमी आईले सांगान म्हणून मी थांबली. आई उपाशी राहून राह्यली आन् तुमी पाहून राह्यले." पट्ट्यामुळं तिला मान वळवता येत नव्हती. ती अख्खी वळली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "आज तुमी सांगा, नाई त मी सांगीन."

पोरीच्या नजरेला नजर देता येईना. तो तसाच उठून घरी गेला. कांता अंगणात तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर उकिडवा बसून त्यानं सगळं सांगितलं, पहिल्या बोटापासून. ती सुपात पाहत ऐकत राहिली.

"माय ग्रहणाचं बोलली तवा तुमी तिथीच होते न?" तिनं विचारलं.

"होतो."

"मी जेवत नव्हती तवा?"

"होतो."

तिनं राहिलेले तांदूळ निवडले, चूल पेटवली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. त्यालाही वाढलं.

गुलाबनं मायलाही सांगितलं की दोष माझा आहे, ग्रहणाचं पुन्हा काढू नको. गुणाबाईनं ते शेजारीपाजारी सांगितलं ते असं, की पोरगा बायकोचं पाप आपल्या अंगावर घेऊन राह्यला. गाव त्याला आणखीच भला म्हणायला लागलं.

महिन्याभरानं कांता ब्लाऊजचं कापड हातात घेऊन त्याच्या दुकानावरून पुढं गेली, आणि बसस्टँडजवळच्या दसरू टेलरच्या दुकानात शिरली. पिशवीत नाही, उघड्या हातात कापड. दसरूच्या हातचा ब्लाऊज म्हणजे काखेत चुण्या आणि पाठीला झोळ. तो घालून ती मजुरीला जायला लागली. गोंडपिपरीत ही गोष्ट लपणार थोडीच. एक दिवस कोतवालाच्या पोरानं भर दुकानात चार माणसांसमोर विचारलं, "काऊन गा गुलाबभाऊ, वयनी दसरूकडं शिवते?"

गुलाबनं मशीन थांबवलं. "पोरीचं दुखणं मी दोन वर्सं कपड्यात लपवलं," तो म्हणाला. "आन् बोल बायकोवर जाऊ देला. म्हणून."

कोतवालाच्या पोरानं आपली पँट उचलली आणि गेला.

दोन वर्षांनी विशाखाचा पट्टा सुटला. कणा होता तिथंच थांबला, डावा खांदा खालीच राहिला. ती बापाकडेच कपडे शिवायची, कापूस न घालता. कांता मात्र दसरूकडेच जात राहिली.