पॉलिशकाकांचं नाक

फर्निचरला पॉलिश करणारा माणूस दिवसभर स्पिरिटच्या वासात असतो. त्याने दारू सोडणं म्हणजे मांजराने डेअरीत बसून उपास करणं. पण पॉलिशकाकांनी सोडली होती. वर सोडणाऱ्यांचा एक गटही जमवला होता. सायकलदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी मंडळी बसत. डॉक्टर नाही, साहेब नाही, सगळे पोळलेले. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही.

काका दारात उभे राहून प्रत्येकाला मिठी मारत. मिठी प्रेमाचीच होती, खोटं कशाला बोला. पण त्या मिठीत ते माणूस हुंगून घेत. वेलदोडा चघळा, कांदा खा, अत्तराची बाटली उपडी करा, काकांपुढे कुणाची डाळ शिजत नसे. घरोघरच्या बायकांना हे ठाऊक होतं. नवऱ्याचा शब्द नको, काकांचं नाक हवं, असा मामला.

मग काकांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. चहा नुसता गरम, साबण नुसता बुळबुळीत. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. गटात आपल्याला मान आहे तो या नाकामुळे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मिठ्या चालूच राहिल्या. डोळे बघायचे, आवाज ऐकायचा आणि ‘कोरडा आहेस’, म्हणजे प्यायलेला नाहीस, असं ठोकून द्यायचं. अंदाजपंचे दाहोदरसे!

एका मंगळवारी बैठक सुटल्यावर गटातला वेल्डर त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. आपल्या म्हणजे बायकोच्या. तिने त्याला बाहेर काढलं होतं आणि तो वर्कशॉपमध्येच झोपत होता. बायको दाराला साखळी लावून फटीत उभी राहिली. आत लहान मुलगी बाहुलीला दटावत होती.

“काका, तुम्ही कोरडे म्हणालात तर साखळी काढते,” बायको म्हणाली. “नाहीतर ह्यांनी या दाराशी पुन्हा यायचं नाही. मला आता फक्त तुमचा भरवसा आहे.”

आली का पंचाईत! काकांनी वेल्डरला मिठी मारली. तो ताठ उभा. नाकात काही म्हणता काही नाही. हो म्हणावं तर आत लेकरू, नाही म्हणावं तर याचं घर मोडलं. काकांना स्वतःची लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पोरी, माझं नाक गेलंय,” ते म्हणाले. “तापात गेलं. मला काही कळत नाही. इतके दिवस थापा मारतोय मी.”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. “मग मी विचारू कुणाला?”

“त्यालाच.”

“ह्यांना? अहो, ह्यांना विचारून भागलं असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता!”

खरंच होतं. आता तर वेल्डरला रान मोकळं होतं. पकडणारा उरलाच नव्हता. एक ‘नाही’ म्हटलं की काम फत्ते.

“दुपारी घेतली,” तो खाली बघत म्हणाला. “इथे यायची भीती वाटली, म्हणून घेतली.”

“रविवारी या,” बायको शेवटी म्हणाली. “मी विचारीन. आणि असंच खरं सांगा.” साखळी तिने काढली नाही.

दोघे रस्त्याला लागले. चौक ओलांडल्यावर वेल्डरने विचारलं, “काका, त्या स्पिरिटच्या वासाने तुम्हाला मळमळायचं, म्हणून तुम्ही टिकलात ना?”

“हो.”

“आणि आता?”

“आता ते नुसतं पाण्यासारखं दिसतं रे,” काका म्हणाले. “भीती वाटते.”

“उद्या सकाळी तुमच्या पॉलिशच्या दुकानावर येतो. रोज येईन.”

“कशाला?”

वेल्डरने भर रस्त्यात त्यांना मिठी मारली, त्यांच्या तोंडाशी नाक नेलं आणि जोरात श्वास घेतला.

“कोरडे आहात,” तो म्हणाला.