शेजारची जीप आणि तिची बॅटरी

काही घरांत लोणच्याची बरणी कधी रिकामी होत नाही, तसे आमच्या शेजारी दौलतरावांच्या घरातले किस्से. मी सांगायला बसले की हे म्हणतात, "कालचा संपला का?" संपत नाही, त्याला मी काय करणार? कुंपण एकच, आणि माझी चूल कुंपणाच्या बाजूला. दिसतं ते बघावंच लागतं.

तेव्हा आम्ही रावेतला, पवनेच्या वरच्या अंगाला राहत होतो. पिंपरीला कारखाने नुकते कुठे येऊ लागले होते. दौलतराव लष्करात ड्रायव्हर हवालदार होते, लढाईत बर्मात जाऊन आलेले. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी डेपोच्या लिलावातून लढाईतली एक जुनी जीप आणली आणि आमच्या कुंपणाला खेटून उभी केली. माझे शेवग्याचे दोन खांब पहिल्याच दिवशी गेले.

जीप चांगली होती. फक्त तिच्यातली बॅटरी कुठल्या तरी भलत्याच मोटारीची, खोका फुटलेला, सुतळीने बांधलेली. बटण दाबलं की नुसतं 'टक्' वाजायचं. ढकलली की मात्र चालू व्हायची. ढकलायला कोण? आमचे हे. दर रविवारी. आणि दर सोमवारी यांच्या कमरेला शेक देणार कोण? मी.

दौलतराव सीटवर बसून म्हणायचे, "वहिनी, बर्मात ही जात एका बटणात चालू व्हायची. हात लावायचा अवकाश."

हे मागून म्हणायचे, "मग बर्मातच ठेवायची होतीत."

*

त्यांचा खरा घोर वेगळाच होता. लढाईत ज्या साहेबांची जीप ते चालवायचे, ते साहेब आता मेजर झाले होते. खडकीला दोघांची गाठ पडली आणि साहेब म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला येतो तुझी गाडी बघायला."

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गाडी साहेबांसमोर एका बटणात चालू झाली पाहिजे, आणि बॅटरी लष्करात होती तशीच पाहिजे. काळा रबरी खोका, वर डांबर, डांबरावर शिशाच्या पट्ट्या, तीन बुचं.

मी म्हटलं, "अहो, बॉनेटच्या आत कोण बघतंय?"

"साहेब आधी बॉनेटच उघडत्यात," दौलतराव म्हणाले. "आन् त्यांच्यासमोर गाडी ढकलायची? त्यापरीस मी पवनेत उडी घेतो."

त्यांच्या पारूबाई आतून म्हणाल्या, "घ्या. नदीला पाणी गुडघाभर हाय."

*

पहिल्यांदा त्यांनी एका लॉरीवाल्याकडून भलीमोठी बॅटरी आणली. सहा बुचांची. त्यांचा हिशोब असा, की तीन बुचांनी गाडी चालू होते, तर सहांनी पळेल. बॉनेट लागेना, म्हणून ते उघडंच ठेवून तारा जोडल्या. पुढचे दिवे असे पेटले की आमची म्हैस दावं तोडून गेली. मग टप्प, टप्प, दोन्ही दिवे कायमचे गेले.

म्हैस रहाटणीच्या वाटेवर सापडली. दिव्यांचे बल्ब शोधायला मात्र दौलतराव महिनाभर जुना बाजार पालथा घालत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "ताकद जास्त झाली, वहिनी."

*

तो काळा रबरी खोका कुठे मिळेना. शेवटी सापडला कुणाला? मला. मी पिंपळे सौदागरला हळदीकुंकवाला गेले होते. एका म्हातारीच्या अंगणात तुळस लावलेली, ती कशात? काळ्या खोक्यात, बाजूवर इंग्रजी अक्षरं. आतल्या भिंती फोडून माती भरलेली. मी ओटीचा नारळ तिथेच विसरून घरी आले.

दौलतराव दुसऱ्या दिवशी सिमेंटचं नवं वृंदावन घेऊन हजर. म्हातारी ऐकेना. म्हणाली, "कार्तिक आलाय तोंडावर. लगीन लागल्याबिगर पोरगी घरातनं न्हाई हलायची."

"आजी, मला तुळस नको, खोका पायजे."

"मंग वराकडनं ये."

तर हवालदार दौलतराव लष्करी फेटा बांधून तुळशीच्या लग्नाला वराकडचे म्हणून उभे राहिले. अंतरपाट धरला, उसाचे कांडे वाटले. लग्न लागल्यावर म्हातारीने तुळस स्वतः वृंदावनात लावली आणि खोका त्यांच्या हातात देताना डोळ्यांना पदर लावला. दौलतरावही रडले म्हणे. खोक्यासाठी रडले की मुलीसाठी, ते देव जाणे.

*

मग इस्माईलभाई आले. चिंचवड स्टेशनजवळ त्यांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस शांत, पण दौलतरावांनी त्यांच्याही नाकी नऊ आणले. आतल्या भिंती नव्याने बसवा, पातळ लाकडी फळ्या पूर्वीसारख्या घाला, डांबर इतकं चकचकीत नको, लष्करात चकचकीत नव्हतं.

इस्माईलभाई म्हणाले, "हवालदारसाहेब, मी नवीन खोका देतो, दम तोच मिळेल."

"दम तोच, पर तोंड तेच न्हाई ना."

ॲसिड भरायच्या दिवशी मी जरा जवळून बघितलं. जरासंच. नवं लुगडं होतं, काही झालं नाही. दोन दिवसांनी धुवून वाळत घातलं तर त्यातून पलीकडचा डोंगर दिसायला लागला. मी उंदरांच्या नावाने ओरडत होते, तेवढ्यात पारूबाईंनी आपलंही लुगडं आणून दाखवलं. तसंच.

हे शांतपणे म्हणाले, "आता तरी कुंपणापलीकडे बघणं सोडशील."

*

बॅटरी झाली, पण रात्रभरात उतरायची. आज भरून आणावी, उद्या मढं. इस्माईलभाईंचं नाव खराब व्हायला लागलं. ते बिचारे सायकलवरून येऊन बसले आणि एकेक गोष्ट विचारू लागले. पाणी कुठलं घालता?

दौलतराव म्हणाले, "तुम्ही दिलेलंच. काचेच्या बाटलीतलं."

पारूबाई म्हणाल्या, "ते कवाच सांडलं. मी गंगेचं घातलं."

देव्हाऱ्यात काशीहून आलेला सीलबंद गडू होता, त्यांच्या सासूबाईंनी जपलेला. तो फोडून या बाईंनी बॅटरीत ओतला होता. "साहेब येनार, म्हनून. ह्याच्याहून सुद्द पानी कुठलं?"

दौलतराव डोकं धरून बसले. इस्माईलभाईंनी उघडलेलं बूच परत लावलं. मग म्हणाले, "भाभी, त्या पाण्याने माणूस तरतो. बॅटरी नाही तरत."

आणि पुन्हा सगळी खोलली.

*

नवरात्रात बॅटरी एकदाची तयार झाली. अस्सल काळी, डांबराची, तीन बुचांची. बटण दाबून बघू का म्हटलं, तर दौलतराव म्हणाले, "न्हाई. पैल्यांदा साहेबांसमोरच."

खंडेनवमीला पारूबाईंनी पाट मांडला. कोयता, विळा, गाडीचे पाने, आणि मधोमध दौलतरावांनी स्वतःच्या हाताने काढून ठेवलेली बॅटरी. हळदकुंकू, झेंडूची माळ. दुपारी दारात मोटार थांबली. साहेब! दसऱ्याला त्यांना पलटणीत हजर राहायचं होतं, म्हणून एक दिवस आधीच आले.

दौलतराव पाटाकडे धावले. पारूबाई आडव्या.

"पुजलेल्या हत्याराला आज हात न्हाई लावायचा."

"पारू, साहेब आल्यात."

"त्यांना पानावर बसवते. गाडी कुठं न्यायची ती न्या, तिची पूजा उद्या. बॅटरी बी उद्या."

इकडे साहेबांनी बॉनेट उघडलं. आत रिकामी जागा. ते मोठ्याने हसले. "दौलत, अगदी तस्सं ठेवलंस की रे! चांगली बॅटरी वायरलेसवाले काढून न्यायचे, मग कधीतरी मेलेली आणून टाकायचे. अख्खं बर्मा आपण जीप ढकलत काढलं."

मी दौलतरावांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. यांनी काही बोलू नये म्हणून मी यांना चिमटा काढला.

हे तडक गोठ्यात गेले आणि ती सुतळीने बांधलेली जुनी बॅटरी घेऊन आले. तिची पूजा झालेली नव्हती.

साहेबांनी कोट माझ्या कुंपणावर टाकला. पायाने किंचित लंगडत होते. जीपच्या मागे जाऊन त्यांनी दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "बस, दौलत."

"साहेब, तुम्ही..."

"बस म्हणतो ना. सेकंड गिअर टाक."

नदीकडच्या उतारावर जीप धडधडत चालू झाली आणि साहेब धावत जाऊन तिच्यात बसले. संध्याकाळी परत आले तेव्हा दोघांच्याही अंगावर रस्त्याची धूळ होती. पुरणपोळ्या गार झाल्या होत्या, पारूबाईंनी त्या पुन्हा तव्यावर टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी दौलतरावांनी पाटावरून बॅटरी उचलली, जीपमध्ये बसवली, पट्टे आवळले. कुंपणापाशी माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. हात लावायचा अवकाश, गाडी चालू.

त्यांनी मागे वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी बंद केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"वहिनी, भाऊंना हाक मारता का? जरा मागनं ढकलायची हाय."