डोळ्यांच्या साथीतले डॉक्टर

“मनाकडे देख. मी कसा दिखस?”

जळगावच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथे तातडीच्या विभागात डोळा धरून कोणीही आलं, की आमचे डोळ्यांचे डॉक्टर आधी हेच विचारायचे, माझ्याकडे बघ, मी कसा दिसतो? मूळचे धुळ्याकडचे. अहिराणी सगळ्यांशीच, अगदी दिल्लीहून आलेल्या औषधवाल्याशीसुद्धा. पेशंट बिचारे भिडेखातर “छान दिसता” म्हणायचे आणि डॉक्टर चक्क लाजायचे. एकाने “म्हातारे दिसता” असं सांगितलं, तर म्हणाले, याची नजर उत्तम आहे, घरी पाठवा. मिशांना कलप लावणाऱ्या माणसाला ते लागलं असणारच, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

त्या वर्षी डोळ्यांची साथ होती. साथीतली आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. डोळे आलेल्या माणसाकडे बघायचं नाही, बघितलं की आपलेही येतात. त्याला काळा चष्मा द्यायचा आणि आपण भिंतीशी बोलायचं. डॉक्टर सांगून थकले, की साथ नजरेने नाही, हाताने पसरते, हात धुवा. ऐकतंय कोण? आम्ही नर्सासुद्धा त्यांची पाठ वळली की मान फिरवायचो.

अशात रावेरकडची एक अक्का आली, काळ्या चष्म्यात. घरची केळीची शेती. आदल्या दिवसापासून एकच डोळा लाल, पापणी सुजलेली, डोकं फुटतंय, उलट्या. गावात कोणी लांबूनच थेंब दिले होते. मुलगा दाराकडे तोंड करून हे सांगत होता. उलट्या पित्ताच्या, असं त्याचं ठाम मत.

डॉक्टरांनी तिचा चष्मा काढला, चांगला डोळा तळहाताने झाकला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“तुमी नाही दिसत,” अक्का म्हणाली. “नुस्ता धूर हाय.”

डॉक्टर गंभीर झाले. टॉर्च मारली. डोळ्यातली बाहुली मोठी झालेली, उजेडाने हललीच नाही. मग मिटलेल्या पापण्यांवरून दोन्ही डोळे त्यांनी बोटांनी हलकेच चाचपले आणि मुलाला जवळ बोलावलं.

“हाई पिकेल केळं शे,” ते म्हणाले. “आन हाई कच्चं.”

केळीवाल्याला आणखी काय समजवायचं? लाल डोळ्याच्या आतला दाब चढून तो टणक झाला होता. काचबिंदूचा झटका. साथ समजून घरी पाठवली असती, तर तो डोळा कायमचा गेला असता. सलाईन, गोळ्या, थेंब सगळं एकदम सुरू झालं. डॉक्टर जेवायला गेले नाहीत. स्टूल ओढून तिच्यापाशी बसले आणि बाजारातल्या चिकित्सक गिऱ्हाइकासारखे तो डोळा पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. दुपार कलली तसा डोळा मऊ पडला. पुढे लेझर झालं. नजर वाचली.

गेल्या वर्षी डॉक्टर धुळ्याच्या घरी हृदयविकाराने गेले. अक्का तपासणीला आली, तेव्हा हे सांगायचं माझ्यावर आलं. ती बाकावर बसली.

“साऱ्याईनं तोंड फिरवलं व्हतं,” ती म्हणाली. “त्याईनंच पाह्यलं माह्याकडे.”

मग तिला रडू आलं. मलाही. तिच्या दोन्ही डोळ्यांना सारखंच पाणी होतं आणि मी ते बघत तिच्याजवळ बसून राहिले.