बेटेगावची कुरुलताई

नागोराव आमच्या रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. परभणीहून तारापूरला येऊन त्यांना एकतीस वर्षं झाली होती. जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनमध्ये मंगोल खानांच्या गोष्टी सांगत. मोंगके खान मोहिमेवर मेला, तेव्हा राजधानीत धाकटा भाऊ अरिक बोके कारभार बघत होता. दुसरा भाऊ कुबलाई दूर चीनमध्ये होता. त्याने आपल्याच छावणीत सरदारांची सभा, म्हणजे कुरुलताई, भरवली आणि तिथेच तो खान झाला. महिन्याभरात अरिक बोकेनेही स्वतःची कुरुलताई भरवली. पुढे चार वर्षं भाऊ भावाशी लढला.

"मग जिंकला कोण?" फिटर जितेशने विचारलं.

"कुबलाई. पण राज्य परत कधी एक झालं नाही बघ."

मार्चमध्ये युनियनचे अध्यक्ष अचानक वारले. बेचाळीस कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा करार तयार होता, फक्त अध्यक्षाची सही राहिली होती. शिक्का आणि कार्यालयाची किल्ली उपाध्यक्ष म्हणून नागोरावांकडे. अध्यक्ष तेच होणार, हे सगळ्यांनी धरलंच होतं. तेराव्याच्या आधीच जितेशने आपल्या गावी, बेटेगावला, सभा घेतली आणि अध्यक्ष झाला.

"काका, तुमीच शिकवलंत. जो आधी बसतो तो खान," तो हसत म्हणाला.

 नागोरावांनी शिक्का जितेशला देऊन टाकला असता, तर त्याच आठवड्यात सह्या झाल्या असत्या. आम्ही तसं सुचवलंही.

"अन् माझ्या एकतीस वर्षांचं काय?" ते म्हणाले. रविवारी त्यांनी कार्यालयात आपली सभा भरवली. एकसष्ट हात वर झाले. त्यात माझाही होता.

कंपनीने दोघांना एकच पत्र दिलं. खरा अध्यक्ष कोण ते कोर्टातून ठरवून आणा, मग बघू.

जूनमध्ये कंत्राटदार बदलला. नव्याच्या यादीत त्या बेचाळीसपैकी एकही नाव नव्हतं.

पॅकिंगची मंदा नऊ वर्षं कंत्राटावर होती. पास जमा करून ती गेटबाहेर उभी राहिली. शिफ्ट संपवून नागोराव आले.

"काका, ती गोष्ट मी पण ऐकलेली हाय. दोन सभा झाल्यावर काय होतं, तुमाला ठावूक होतं ना?"

"होतं."

"मंग?"

नागोरावांनी हातातला डबा उगाच दुसऱ्या हातात घेतला. "मला वाटलं, जितेश माघार घेईल."

"सकाळी त्याला पण इचारलं," मंदा म्हणाली. "तो पण तुमच्याबद्दल हेच बोलला."

ती बोईसरच्या रिक्षात जाऊन बसली.