वामन आगाशेची हजेरी

वामन गेल्याचं मला भवानीपूरच्या ट्रामथांब्यावर कळलं, आणि तेही दुसऱ्या दिवशी. आमच्या इथल्या मराठी मंडळींतले देवधर डॉक्टर समोरून आले आणि म्हणाले, "काल घाटावर तुम्ही दिसला नाहीत? मला वाटलं, सगळी व्यवस्था तुम्हीच बघत असाल. तुम्ही तर त्याचे सर्वांत जवळचे." ट्राम आली, मी चढलो नाही. कलकत्त्यात मराठी घरं ती किती! एका घरी मरण झालं की तासाभरात सगळीकडे निरोप जातो. माझ्याकडे तो आला नव्हता; मला आधीच ठाऊक असणार, असं प्रत्येकाने धरलं असावं. चार महिन्यांपूर्वी वामननेच मला सांगितलं होतं, की आता येत जाऊ नकोस. त्याने तसं का सांगितलं, ते लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघेही इथेच जन्मलो. दोघांचे वडील तारखात्यात, घरं एकाच गल्लीत. आमचं मराठी अर्धं बंगालीत भिजलेलं. "काकू, जल खायचंय," असं मी वामनच्या आईला म्हणालो, की त्या हातात पेला देण्याआधी म्हणायच्या, "जल खात नाहीत रे, पाणी पितात." वामनला मात्र असं सांगावं लागत नसे. भाषा त्याच्या अंगाला आपोआप चिकटायच्या. घरात मराठी, गल्लीत बंगाली, शाळेत इंग्रजी, आणि पंधराव्या वर्षी शेजारच्या एका वृद्ध भिक्षूकडून पाली. मी जेमतेम बी. ए. होऊन एका प्राच्यविद्येच्या संस्थेत कारकून म्हणून लागलो आणि दुसऱ्याच वर्षी वामन त्याच संस्थेत बौद्धविद्येच्या पदवीसाठी दाखल झाला. संस्थेचं नाव लिहीत नाही. हजेरीचं पुस्तक माझ्याकडे होतं. सकाळी दारातूनच तो ओरडायचा, "सदू, आगाशे हजर!" आणि मी मान न उचलता खूण करायचो.

स्वातंत्र्यानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. सेऊलच्या एका विद्यापीठाशी संस्थेचा पत्रव्यवहार जमला. त्यांचा एक विद्यार्थी आपल्याकडे यायचा, आपला एक तिकडे जायचा. तिथल्या मठांत ठेवलेले जुने बौद्ध ग्रंथ चिनी लिपीत होते. तिथल्या पंडितांसोबत बसून ते पालीशी ताडून बघणारा माणूस हवा होता. वामनशिवाय दुसरं नाव कुणी घेतलंच नाही. संचालकांनी त्याला पत्र दिलं: तिकडे घालवलेला काळ इथली हजेरी म्हणून धरला जाईल, आणि परतल्यावर त्याला अंतिम परीक्षेला बसता येईल. टायपिस्टने दोन प्रती काढल्या. एक वामनच्या खिशात गेली, दुसरी मी फाईलला लावली. खिदिरपूरच्या गोदीवर काकू रडत होत्या आणि वामन त्यांना सांगत होता, "अगं, जल खाऊन परत येतो." त्याही स्थितीत त्या हसल्या.

त्याची पत्रं लांबलचक असत. थंडीने शाई गोठते, मग दौत बगलेत धरून बसतो. मुळ्याचं आणि कोबीचं तिखट लोणचं तिन्ही त्रिकाळ असतं, आणि काकूंनी दिलेलं मेतकूट तिथल्या मुलांनी दोन दिवसांत संपवलं. भाषा चार महिन्यांत बोलू लागलो, असं त्याने सहज, पत्राच्या शेवटी कळवलं. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, की वर्गातल्या एका मुलाने त्याला विचारलं, "तुमच्याकडे रेषा कुणी ओढली?" कारण त्यांचाही देश मधोमध कापलेला. "मी म्हटलं, एका साहेबाने, आणि तो कधी आमच्या गावातून चाललासुद्धा नव्हता. तो म्हणाला, आमच्याकडेही तसंच." मी हे पत्र वाचलं तेव्हा सियालदा स्टेशनाच्या फलाटांवर पूर्वेकडून आलेली माणसं संसार मांडून बसलेली होती.

मग तिकडे लढाई पेटली. पत्रं थांबली. काकू रोज दुपारी संस्थेत येऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहत. काही विचारत नसत. मीच मान हलवायचो. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वामन जपानमार्गे बोटीने परतला. मी गोदीवर गेलो होतो आणि तो माझ्यासमोरून निघून गेला तरी मला ओळखू आला नाही. शहर पडलं तेव्हा तो आपल्या प्राध्यापकांच्या कुटुंबाबरोबर दक्षिणेकडे चालत निघाला होता. प्राध्यापक वाटेत वारले. अख्खा हिवाळा त्याने पुसानला, निर्वासितांच्या वस्तीत, फळ्या आणि डब्यांचे पत्रे ठोकून केलेल्या खोपटात काढला. छातीत पाणी झालं. वह्या, कपडे, संचालकांचं पत्र, सगळं नदी ओलांडताना गेलं. फक्त भाषा तेवढी बरोबर आली.

महिन्याभराने, जरा धड चालता येऊ लागल्यावर, त्याने परीक्षेसाठी अर्ज केला. त्या पदवीवर संस्थेतली एक अध्यापकाची जागा अवलंबून होती, आणि मधल्या काळात संचालकांनी ती आपल्या भाच्याला कबूल केली होती. हे कुणी बोलत नव्हतं, पण ठाऊक सर्वांना होतं. अर्ज समितीपुढे आला. हजेरी अपुरी. तिकडच्या विद्यापीठाचा दाखला? विद्यापीठाची कचेरीच जळाली होती. वामन माझ्याकडे आला. "सदू, त्या पत्राची प्रत फाईलमध्ये असेल ना रे?"

"असेल. शोधतो," मी म्हणालो.

शोधायला काही नव्हतंच. ती कुठे आहे ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी संचालकांनी मला बोलावलं. ती फाईल माझ्या काखेत होती. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सदाशिवबाबू, आगाशे म्हणतो तसं काही पत्र आपल्या दप्तरात आहे, असं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं?" त्याच आठवड्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. लग्न ठरलेलं होतं. मी म्हणालो, "सापडत नाही, सर." ते म्हणाले, "वाटलंच मला." एवढंच. कुणी धमकी दिली नाही, कुणी लालूच दाखवली नाही. मी हे वाक्य इतक्या सहज बोललो, की जिना उतरताना मलाच त्याचं नवल वाटलं.

वामनला सांगितलं, तीन दिवस शोधलं, नाही मिळालं. तो उलट माझीच समजूत घालू लागला. "जाऊ दे रे. तिकडे माणसं हरवली, इथे एक कागद."

पुढली सहा वर्षं त्याने शिकवण्या केल्या. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांना इंग्रजी आणि संस्कृत. आपलं सैन्य कोरियात युद्धकैद्यांची देखरेख करायला निघालं, तेव्हा दुभाष्याचं काम मिळेल म्हणून तो एका सरकारी कचेरीत गेला. समोरच्या माणसाला कोरियन भाषेतलं अक्षर येत नव्हतं, पण दाखला मात्र हवा होता. हे त्याने मला हसत सांगितलं. मीही हसलो. माझ्या मुलाच्या बारशाला तो आला, माझ्या आईच्या आजारपणात रोज आला. मी त्याच्यासाठी जे जे केलं, म्हणजे औषधं, शिकवण्या मिळवून देणं, संत्री, ते सगळं लोकांना दिसेल असं केलं. लोक म्हणत, मित्र असावा तर असा. मी ऐकून घेत असे.

छातीचं दुखणं पुन्हा उलटलं आणि गेल्या हिवाळ्यात त्याला इस्पितळात हलवलं. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "परवा आपला जुना टायपिस्ट आला होता भेटायला. बिचारा निवृत्त झाला. म्हणाला, दोन प्रती काढल्याचं मला पक्कं आठवतंय, एक सदाशिवबाबूंनी माझ्यासमोर फाईलला लावली." मग अगदी सकाळी हजेरी द्यायचा त्याच आवाजात त्याने विचारलं, "होती ना, सदू?"

"होती," मी म्हणालो.

"अजून आहे?"

"आहे."

मला वाटलं, तो ओरडेल. मला तेच हवं होतं. तो म्हणाला, "मला वाटायचं, नदीत माझ्या हातून गेलं. सहा वर्षं मी स्वतःलाच बोल लावत होतो रे..." आणि मग कूस बदलून, भिंतीकडे तोंड करून, "आता येत जाऊ नकोस."

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी संस्थेने काकूंना दुखवट्याचं पत्र पाठवलं. 'आमच्या संस्थेचा तेजस्वी विद्वान, ज्याने भारताचं ज्ञान कोरियापर्यंत नेलं...' खाली संचालकांची सही. पत्राची प्रत शिरस्त्याप्रमाणे फाईलला लावायची होती. ती मीच लावली. हा मजकूर पुण्याला छापला जाईल. आमच्या संस्थेत मराठी वाचणारा मी एकटाच आहे, तेव्हा हे लिहिण्यात धैर्य कसलं ते मलाही कळतं.

पण हे छापायला देण्याआधी काकूंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, चहा टाकला, आणि म्हणाल्या, "त्याच्या त्या पत्रासाठी तू तीन दिवस दप्तर पालथं घातलंस म्हणे. मरेपर्यंत सांगत होता तो मला." म्हणजे इस्पितळातल्या त्या संध्याकाळनंतरही त्याने आईला खरं सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी नव्हे. तिला आणखी एक दुःख नको म्हणून. क्षणभर मला वाटलं, असंच राहू द्यावं... मग सगळं सांगितलं. काकूंनी मधे एकदाही थांबवलं नाही. स्टोव्हवर चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत.

शेवटी मी म्हणालो, "काकू, त्याच्या खोलीत जरा बसू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "तिथे नको."

त्या उठल्या, स्वतः खोलीत गेल्या आणि आतून दार ओढून घेऊ लागल्या. दार मिटेपर्यंत जेवढं दिसलं तेवढं मी पाहिलं. कोरियाहून आल्यापासून वामन खाटेवर निजत नसे. जमिनीवर त्याची गादी घातलेली होती, चादरीचे कोपरे आत दुमडलेले, उशीपाशी तांब्या. काकूंनी ती त्या सकाळीही घातली असावी. मग दार लागलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.