फाटक बंद ठेवायचा दिवस

टेकडीवरचा सायकल पार्क वर्षातून एक दिवस बंद असतो, आणि त्या दिवशी खड्डेकाका फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. पूर्वी ते लिफ्टची दुरुस्ती करत. निवृत्त झाल्यापासून इथल्या वाटेवरचे खड्डे बुजवतात, म्हणून पोरांनी हे नाव पाडलं.

टेकडी खाजगी आहे. मालकीणबाईंचं घर समोरच. त्यांच्या खिडकीतून फाटक दिसतं. लोक वर्षानुवर्षं सलग वापरत राहिले तर वाट त्यांचीच ठरते, असं वकिलाने बाईंना सांगितलंय. म्हणून वर्षातून एक दिवस वाट बंद ठेवून तो सलगपणा तोडायचा, ही त्यांची अट. गेल्या वर्षी त्याच दिवशी दोघं कुंपणावरून आत शिरले, तेव्हा बाईंनी दोन महिने टाळं ठोकलं. "पुन्हा एक चाक जरी आत गेलं तर कायमचं बंद," असं बजावलं.

सुरुवातीला फावडी मारायला वीस-पंचवीस जण यायचे. मग लग्नं झाली, बदल्या झाल्या, गुडघे गेले. आता वर्गणी तेवढी येते. तीही निम्मी विम्याच्या हप्त्यात जाते, उरलेल्या पैशांतून मुरूम येतो. तो पसरायला काका एकटे. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी दूरच्या शहरात गेली, ती तिकडचीच झाली. "नातीला दात आले की येते," म्हणाली होती. नात आता शाळेत जाते.

यंदा त्या दिवशी दुपारी गाडीतून मुलगीच उतरली. ऑफिसच्या कामासाठी आलेली, संध्याकाळचं विमान. गाडीच्या मागे भाड्याची सायकल बांधलेली. इथलं पहिलं वळण, कॉलेजात असताना, तिनेच काकांबरोबर बांधलं होतं.

"बाबा, उघडा."

"आज बंद असतं."

"माहितीये हो. पण मी काय बाहेरची आहे?"

"चाकाला काय कळतं, कोणाचं ते?"

"एकच चक्कर. कोण बघतंय?"

काकांनी खिडकीकडे मान वळवली. पडदा ओढलेला होता.

"बघा, कोणी नाहीये!"

"मी आहे ना."

"आई म्हणते ते काही खोटं नाही. माणसांपेक्षा तुम्हाला मातीच बरी वाटते."

काका वाकून सायकल बघत होते. "मागचा ब्रेक ढिला आहे. ही घेऊन उतारावर जाणार होतीस?" त्यांनी खिशातला पाना काढला.

"राहू द्या. चला, कुठेतरी जेवू तरी."

"अंधार पडेपर्यंत हलता येत नाही. सुट्टी आहे, पोरं येतात. डबा आहे माझ्याकडे, बस."

तिने उभ्याउभ्या दोन घास खाल्ले, ब्रेक घट्ट होईपर्यंत थांबली आणि गेली. त्यानंतर आणखी चौघांना काकांनी परत पाठवलं.

दिवस मावळल्यावर मालकीणबाई आल्या.

"दुपारी तुमची मुलगी होती ना? तिला सोडलं असतंत तरी मी काही म्हटलं नसतं."

"मग खिडकीतून तसं ओरडायचं होतं."

बाई हसल्या नाहीत. "आणखी एक वर्ष चालू ठेवा," म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

काकांनी टाळं काढलं. विमानात बसल्याचा मुलीचा निरोप फोनवर येऊन पडला होता. त्यांनी लिहिलं, "पुढच्या वेळी एक दिवस आधी ये."

खुर्ची दुमडून होईपर्यंत उत्तर आलं. "बघते."