तेहतीस अंशांवर बंद पडणारा संगणक

मी लेखिका नाही. हवामानाच्या नोंदींपलीकडे आयुष्यात फारसे काही लिहिले नाही. तेव्हा ऐंशी ओलांडल्यावर एका माणसाविषयी लिहिण्याच्या या धाडसाबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. गेल्या महिन्यात भुकूमहून सोपानरावांच्या पत्नीचा फोन आला. "बाई, आमचे ह्ये गेले," एवढेच त्या बोलल्या… आणि सोपानरावांना एक गोष्ट सांगायची राहूनच गेली, हे माझ्या ध्यानात आले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पौडजवळच्या आमच्या भातसंशोधन केंद्रात पहिला संगणक आला. सोपानराव तिथे हंगामी तंत्रज्ञ होते, आणि पावसाच्या जुन्या नोंदी संगणकात भरण्याचे काम माझ्याकडे आले. पन्नाशीला टेकलेली मी प्रत्येक कळ भीत भीत दाबत असे. यंत्र मात्र रोज दुपारी अचानक गोठे आणि भरलेले सारे आकडे पुसले जात. अखेर साहेब म्हणाले, "बाई, हे यंत्र तुमच्या हाताला मानवत नाही. सोमवारपासून पुन्हा तुमच्या वह्याच सांभाळा." मलाही ते खरेच वाटले. कोणती कळ दाबल्यावर यंत्र थांबले, हे मी एका वहीत वेळेसह लिहीत होते; चूक माझी, ती निदान मला कळावी, म्हणून. जुन्या सवयीने शेजारी खोलीचे तापमानही टिपले जाई.

ती वही सोपानरावांनी सहज चाळली.

"बाई, हितं गरमी कशापायी लिव्हलीया?"

"सवय आहे."

"सकाळी येकदा बी बंद पडला न्हाई ह्यो. तेहतिसाच्या वर गेलं की पडतोय." मग त्यांनी यंत्राचे झाकण उघडले आणि आत बोट दाखवून सांगून टाकले… ज्याच्या ठोक्यावर संगणकाचा वेग ठरतो, तो लहानसा क्रिस्टल काढून जास्त वेगाचा त्यांनीच हौसेने बसवला होता, आणि ते कुणालाही ठाऊक नव्हते; त्या वेगाने यंत्र उन्हात जास्तच तापून थांबत होते. मूळचा क्रिस्टल परत बसवल्यावर भर उन्हातही यंत्र तीन दुपारी अखंड चालले.

"झाले ना नीट? आता राहू द्या," मी म्हणाले.

"मंग नाव तुमचंच खराब ऱ्हाईल न्हवं?"

ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, बाईंचं बोट न्हाई चुकलं. माजा शानपणा नडला." त्यांना कायम करण्याचा कागद त्या वेळी साहेबांच्याच टेबलावर होता, तो पुढे वर्षभर तिथून हलला नाही. "संगणक हळू केला, तर कागद बी हळू झाला," असे म्हणून ते हसत. माझी खुर्ची मात्र संगणकासमोरच राहिली.

पुढे दोन वर्षांनी माझ्या हातून एका संपूर्ण महिन्याचा पाऊस चुकीचा भरला गेला. बोलणी खाल्ली ती नव्याने आलेल्या सहकारी मुलीने. मी मुकाट्याने आकडे दुरुस्त केले आणि गप्प बसले. सोपानरावांना हे सांगावे, असे वर्षानुवर्षे मनात येई. ते समोर आले की मी हवापाण्याचे बोलत असे… चूक आपली आहे हे आपल्यावाचून कुणालाही कळणार नसेल, तर तुम्ही ती सांगाल का?